रिव्हॉल्वरचा पहिला परवाना घेणाऱ्यांसाठी: कोकणातील घरात शस्त्र कसे सांभाळावे?

सड्यावरचा बागायतदार (देवगड)

नमस्कार मंडळी,

आंब्याचे हिशेब पुरे झाले की आमच्या भागातील एखाददुसरा तरुण बागायतदार रिव्हॉल्वरच्या परवान्याची चौकशी करत माझ्याकडे येतो. त्याची कारणे खरी असतात. हंगामात घरात रोकड असते, सड्यावरचे (कातळी माळावरचे) घर वाडीपासून लांब असते, भावंडे मुंबईला असतात आणि रात्री घरात म्हातारे आईवडील व आपण एवढीच माणसे उरतात. अर्ज कसा भरायचा हे कुणीही सांगेल. शस्त्र घरात आल्यावर काय करायचे याबद्दल मात्र फारसे कुणी बोलत नाही, म्हणून हा धागा काढत आहे.

सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीत शेतीसंरक्षणाची बंदूक पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. आमच्या घरीही आजोबांची ठासणीची बंदूक माजघरात खुंटीला असे आणि मुलांनी तिला हात लावायचा नाही, एवढी एकच शिस्त होती. ती शिस्त तेव्हा का पुरत असे, याचा नवीन परवानाधारकाने नीट विचार करावा. ठासणीच्या बंदुकीत आधी दारू ओतायची, तिच्यावर चिंधी ठासायची, छर्रे घालायचे, पुन्हा गजाने ठासायचे आणि शेवटी केप (दारू पेटवणारी छोटी टोपी) बसवायची, एवढे झाल्याशिवाय बार निघत नाही. एक बार निघाला की सगळे पहिल्यापासून करावे लागते आणि लहान मुलाला तर ती बंदूक धड उचलतासुद्धा येत नाही. ०.३२ बोअरची रिव्हॉल्वर सहा गोळ्या भरून तयार असते, उशाखाली मावते, आणि तिचा घोडा (गोळीवर आपटणारा मागचा खटका) मागे ओढलेला असेल तर लहान मुलाच्या बोटालाही चाप दाबता येतो. तरीही बंदुकीच्या घरात वाढलेली माणसेच मला अधिक निर्धास्त दिसतात. ‘आमच्याकडे बंदूक आधीपासून आहे, आम्हांला काय शिकवता’ असे ती म्हणतात. त्यांनीच सगळ्यांत आधी शिकावे, असे मला मनापासून वाटते.

कायद्यानेही या दोन शस्त्रांत फरक केलेला आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम १३ प्रमाणे पिकांच्या खऱ्याखुऱ्या संरक्षणासाठी ठासणीची बंदूक, किंवा संरक्षणासाठी अथवा खेळासाठी किमान २० इंच लांबीची, आतून गुळगुळीत नळीची बंदूक मागणाऱ्या नागरिकाला, नकाराचे ठोस कारण नसेल तर, परवाना द्यावा असा रोख आहे. रिव्हॉल्वर किंवा पिस्तूल मागणाऱ्याकडे मात्र योग्य कारण आहे, अशी परवाना अधिकाऱ्याची खात्री पटावी लागते. वयाची २१ वर्षे पूर्ण असावी लागतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला दोनपेक्षा अधिक अग्निशस्त्रे ठेवता येत नाहीत (पूर्वी ही मर्यादा तीन होती) आणि परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षे झाली आहे. ज्यांच्या नावावर वडिलोपार्जित बंदूक आहे त्यांनी रिव्हॉल्वरचा अर्ज करताना ही मर्यादा ध्यानात ठेवावी.

२०१६ च्या शस्त्र नियमांत सुरक्षा प्रशिक्षणाची आणि शस्त्र सुरक्षित ठेवण्याच्या हमीची तरतूद आहे. हमीपत्रावर सही करण्यापूर्वी ते शस्त्र घरात नेमके कुठे ठेवणार आहोत, त्या जागेसमोर उभे राहून एकदा पाहावे. कपाटाच्या वरच्या फळीवर साड्यांच्या मागे, तांदळाच्या कणगीत, देवघराच्या खणात, अशा जागा घरातल्या प्रत्येक मुलाला ठाऊक असतात. भिंतीत किंवा जमिनीत पक्की केलेली, स्वतंत्र किल्ली असलेली लोखंडी पेटी हवी. शस्त्र रिकामे करून तीत ठेवावे आणि गोळ्या दुसऱ्या जागी, दुसऱ्या कुलपात ठेवाव्यात.

हाताळणीचे म्हणाल तर प्रत्येक शस्त्र भरलेलेच आहे असे धरून चालावे, जिथे गोळी जाऊ द्यायची नाही तिथे नळी कधीही वळवू नये, नेम धरून बार काढायचा निर्णय होईपर्यंत बोट चापाबाहेर ठेवावे आणि नेमाच्या मागे काय आहे ते आधी पाहावे. हे वाचायला सोपे आहे. हातातल्या छोट्या शस्त्राच्या बाबतीत यांतले दुसरे सर्वांत अवघड जाते, कारण लांब बंदुकीची नळी वळवायला अख्खे शरीर वळवावे लागते, तर रिव्हॉल्वरची नळी मनगटाच्या जराशा हालचालीने शेजारच्या माणसावर येते. कुणी हाक मारली म्हणून वळून पाहतानासुद्धा हे होते. म्हणून पहिले काही महिने गोळ्यांशिवाय, अनुभवी माणसासमोर, केवळ उचलणे, उघडणे, तपासणे आणि खाली ठेवणे एवढ्याचाच सराव करावा असे माझे मत आहे.

जाणकारांनी यात भर घालावी.

वाशिष्ठीकाठ (चिपळूण)

काका, अतिशय गरजेचा विषय मांडलात. माझ्या यजमानांच्या अर्जाची पोलीस पडताळणी चालू आहे आणि आमच्या घरात या विषयावर रोज बोलणे होते, म्हणून घरातल्या बाईच्या नजरेने लिहिते.

आमचे घर एरवी चार माणसांचे आहे. गणपतीत आणि शिमग्यात मात्र मुंबईहून, पुण्याहून सगळे चाकरमानी येतात आणि माळ्यापासून पडवीपर्यंत अंथरुणे पडतात. मुले लपाछपी खेळताना कुठले कपाट उघडत नाहीत ते सांगा. मोठ्यांतही कुणीतरी ‘दाखव तरी, कशी आहे’ म्हणणारा असतोच आणि पाहुण्याला नाही म्हणणे आपल्या लोकांना फार जड जाते. परवाना ज्याच्या नावावर आहे त्याखेरीज कुणाच्याही हातात ते शस्त्र जाणार नाही, कौतुकानेसुद्धा नाही, असे मी यजमानांकडून आधीच कबूल करून घेतले आहे.

माझे दोन प्रश्न आहेत. किल्ली कुठे ठेवावी? आणि घरात एखादे माणूस मनाने खचलेले असेल, तर काय करावे? दुसरा प्रश्न विचारताना मला संकोच वाटला, पण तो विचारल्याशिवाय शस्त्र घरात आणू नये असे मला वाटते.

सड्यावरचा बागायतदार (देवगड)

ताई, तुमचा दुसरा प्रश्न मी मूळ लेखातच घ्यायला हवा होता इतका तो महत्त्वाचा आहे. घरात कुणी खचलेले असेल, दारूच्या आहारी गेलेले असेल, किंवा भावाभावांत जमिनीवरून हातघाईपर्यंत गोष्टी गेल्या असतील, तर त्या काळात शस्त्र घरात असूच नये. माणूस सर्वांत वाईट क्षणातून जात असतो तेव्हा तो क्षण टळणे महत्त्वाचे असते आणि हाताशी भरलेले शस्त्र असले की तो टळायला अवधीच मिळत नाही. शस्त्र पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे रीतसर जमा करून पावती घ्यावी. त्यात कमीपणा काही नाही. त्या माणसाला डॉक्टरांकडे नेणे हे वेगळे आणि अधिक तातडीचे काम आहे. परवानाधारक स्वतःच त्या अवस्थेत असेल तर घरच्यांनी पोलिसांशी बोलायला कचरू नये.

किल्ली परवानाधारकाच्या अंगावर असावी. ती खुंटीवर, देवघरात किंवा गाडीच्या किल्ल्यांच्या जुडग्यात नसावी.

जुना ठाणे अंमलदार (रत्नागिरी)

पोलीस खात्यातून निवृत्त झालो आहे. ठाण्यात बसून जे पाहिले त्यावरून कागदपत्रांबाबत थोडे लिहितो, कारण बहुतेक सज्जन माणसे शस्त्रापेक्षा कागदावर अडकतात.

परवान्याची मुदत संपली आणि नूतनीकरणाचा अर्ज केलेला नाही, तर घरातले शस्त्र त्या दिवसापासून बेकायदा ठरू शकते. शस्त्र अधिनियमाच्या कलम २१ प्रमाणे शस्त्र बाळगण्याचा कायदेशीर हक्क संपला की विनाकारण उशीर न करता ते ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे लागते. हीच गोष्ट परवानाधारकाच्या मृत्यूनंतर लागू होते आणि इथेच आपली माणसे चुकतात. वडील गेले, दिवसकार्य झाले, वारसांच्या नोंदी सुरू झाल्या, आणि बंदूक खुंटीवर तशीच राहिली, असे कितीतरी घरांत घडते. वारसाला परवाना हवा असेल तर त्याने स्वतंत्र अर्ज करावा. तोवर शस्त्र जमाच असले पाहिजे. वडिलांचा परवाना मुलाला आपोआप मिळत नाही.

शस्त्र विकत घेतल्यावर ते परवाना अधिकाऱ्यासमोर तपासणीसाठी हजर करून त्याचा क्रमांक परवान्यावर नोंदवून घ्यावा. गोळ्यांची खरेदी परवान्यावरील मर्यादेतच करावी आणि किती आणल्या, सरावात किती वापरल्या, किती शिल्लक आहेत, याची एक साधी वही घरी ठेवावी. शस्त्र हरवले किंवा चोरीला गेले तर त्याच दिवशी ठाण्यात फिर्याद द्यावी. लाजेपोटी चार दिवस शोधत बसलेल्या माणसांना पुढे फार त्रास झालेला मी पाहिला आहे.

लग्नात, वाढदिवशी किंवा मिरवणुकीत हवेत बार काढणाऱ्यांसाठी २०१९ च्या दुरुस्तीत वेगळी तरतूद आली. इतरांच्या जिवाला धोका होईल अशा रीतीने आनंदोत्सवात गोळीबार केला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. वर गेलेली गोळी खाली येतेच, आणि आपल्याकडे सणाच्या दिवशी अंगण माणसांनी भरलेले असते.

काजूची वाडी (सावंतवाडी)

माझे गोव्यात म्हापशाला नियमित जाणेयेणे असते. परवाना मिळाला तर बांद्याच्या पुढे शस्त्र बरोबर नेता येईल का?

दुसरे असे की निवडणुकीच्या वेळी बंदुका जमा कराव्या लागतात त्याबद्दलही कुणीतरी लिहावे. २०१९ मध्ये आपल्याकडे २३ एप्रिलला मतदान होते आणि २०२४ मध्ये ७ मे रोजी. ऐन आंबा-काजूच्या हंगामात, माकडांनी आणि डुकरांनी बाग धुऊन काढली असताना, आमची शेतीसंरक्षणाची बंदूक ठाण्यात पडून होती. याचा राग येणे स्वाभाविक नाही का?

जुना ठाणे अंमलदार (रत्नागिरी)

गोव्याचे आधी सांगतो. प्रत्येक परवान्यावर तो कोणत्या क्षेत्रापुरता आहे ते लिहिलेले असते. केवळ महाराष्ट्रापुरता परवाना असेल तर पत्रादेवीला गोव्याच्या हद्दीत शिरताच तुम्ही कायदा मोडलेला असेल. क्षेत्र वाढवून घेण्यासाठी कारण देऊन रीतसर अर्ज करता येतो, पण रोजच्या व्यापारासाठी म्हापशाला जाताना शस्त्र न्यावेच का, हा प्रश्न स्वतःला आधी विचारावा. ते गाडीत ठेवून बाजारात जाल तर काच फुटल्यावर ते चोराच्या हातात जाईल आणि कमरेला लावून जाल तर दिवसभर गर्दीत सांभाळावे लागेल.

निवडणुकीबाबत तुमचा राग मला समजतो. आयोगाच्या सूचनांप्रमाणे जिल्हा पातळीवर छाननी समिती असते आणि कोणाचे शस्त्र जमा करून घ्यावे याचा तिने विचार करायचा असतो. ज्याला नुकसानीचा खरा धोका आहे त्याने आचारसंहिता लागताच, मागील वर्षीच्या पीकनुकसानीच्या पंचनाम्यांच्या प्रती जोडून, लेखी विनंती करावी. तोंडी तक्रारीचा उपयोग होत नाही. आदेश आल्यावर मात्र शस्त्र जमा करावे, पावती जपावी आणि परत घेताना शस्त्राची स्थिती तिथेच तपासून घ्यावी.

गडनदीचा काठ (कणकवली)

माझा प्रश्न थोडा वेगळा आहे. आमच्या नाचणीच्या आणि भुईमुगाच्या शेतात रानडुकरे येतात. रिव्हॉल्वर घेतलीच, तर रात्री राखणीला तीच नेली की दोन्ही कामे होतील, असे घरात बोलणे चालले आहे. यात काही गैर आहे का?

सड्यावरचा बागायतदार (देवगड)

स्पष्ट लिहितो, राग मानू नये. हा विचार मनातून काढून टाकावा.

पहिली अडचण कायद्याची आहे. स्वसंरक्षणासाठी दिलेले शस्त्र त्याच कारणासाठी असते. शिवाय शेतीसंरक्षणाचा परवाना असलेल्यालाही रानडुकराला किंवा माकडाला मारण्याचा हक्क मिळत नाही, कारण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने शिकारीला बंदी आहे आणि उपद्रवी जनावराबाबत वनखात्याच्या अधिकाऱ्याची परवानगी लागते. अभयारण्याच्या हद्दीपासून १० किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांना तर आणखी बंधने आहेत. कलम ३४ प्रमाणे तेथील परवानाधारकाला वन्यजीव खात्याकडे नोंद करावी लागते आणि नवा परवाना मुख्य वन्यजीव रक्षकांच्या पूर्वसंमतीशिवाय देता येत नाही. मुरूड-रोह्याकडे फणसाड अभयारण्य आहे. त्या बाजूच्या वाचकांनी अर्ज करण्यापूर्वी हे तपासावे.

दुसरी अडचण अंधाराची आहे. राखणीला आणि पारधीला गेलेल्या माणसांच्या गोळ्या डुक्कर समजून माणसालाच लागल्याच्या बातम्या आपण सगळे वाचत आलो आहोत. झुडूप हलले, बॅटरीच्या उजेडात काहीतरी काळे दिसले आणि बार निघाला, एवढ्यात एक घर उद्ध्वस्त होते. जे दिसते ते काय आहे याची पुरती ओळख पटल्याशिवाय चापावर बोट जाता कामा नये. रात्रीच्या शेतात ती ओळख बहुतेक वेळा पटतच नाही.

तिसरी गोष्ट गोळीच्या पल्ल्याची. छर्रे लवकर ताकद गमावतात. रिव्हॉल्वरची गोळी मात्र चुकली तर शेताच्या बांधावर थांबत नाही, ती कित्येकशे मीटर जीवघेणी राहू शकते. आपल्या जमिनीत जांभ्याचे गडगे, सड्याचा कातळ आणि पाण्याने भरलेले मळे आहेत, आणि कातळावरून किंवा पाण्यावरून तिरपी लागलेली गोळी भलतीकडे उसळते. पलीकडच्या वाडीत कोण पडवीत झोपले आहे हे आपल्याला ठाऊक नसते.

याला जोडूनच चोरांबद्दल लिहितो. भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ मध्ये स्वसंरक्षणाचा हक्क दिलेला आहे आणि त्याची मर्यादाही तिथेच आहे: संरक्षणासाठी आवश्यक त्यापेक्षा अधिक इजा करता येत नाही. रात्री घर फोडून आत शिरणारा दरोडेखोर आणि बागेतून आंब्याची पेटी उचलून पळणारा भुरटा हे कायद्यापुढे सारखे नाहीत. पळणाऱ्या आंबाचोरावर गोळी झाडणारा बागायतदार स्वतः खुनाच्या खटल्यात उभा राहील. त्याच्यासाठी दिवा, कुत्रा, कुंपण आणि शेजाऱ्याला फोन हेच उपाय आहेत.

नेमबाज (मालवण)

मी खेळ म्हणून पिस्तूल चालवतो आणि जुन्या बंदुकांची निगा राखण्याची आवड आहे. आमच्याकडची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यांत शस्त्र कसे टिकवायचे, याबद्दल लिहितो. निगा नसलेले शस्त्र मालकालाच धोका करते, म्हणून हा विषय सुरक्षिततेचाच आहे.

कातड्याच्या म्यानात शस्त्र कधीही साठवून ठेवू नये. कातडे ओल धरते आणि एका पावसाळ्यात नळीवर तांबूस ठिपके उठतात. कोरड्या फडक्याने पुसून, तेलाचा अगदी पातळ हात फिरवून, ओल शोषणाऱ्या पुड्यांसह पेटीत ठेवावे. तेलाचा अतिरेकही करू नये, कारण ते झिरपून गोळीच्या बुडाशी असलेल्या, ठिणगी पाडणाऱ्या टोपीपर्यंत गेले तर गोळी उडत नाही. ठासणीच्या बंदुकीत जळलेल्या काळ्या दारूचा मळ हवेतली ओल ओढून घेतो. तिची नळी वापरल्या दिवशीच कढत पाण्याने धुऊन, पूर्ण सुकवून, मगच तेल लावावे.

बरेच दिवस न वापरलेल्या लांब बंदुकीच्या नळीत कुंभारीण माशी मातीचे घर करते. मी अशी एक नळी स्वच्छ करताना पाहिली आहे: गज निम्म्यावर अडला आणि आतून सुकलेल्या चिखलाची गुंडी, तीत दडपलेल्या अळ्या, असे सगळे बाहेर आले. तशीच कुणी बार काढला असता तर नळी फाटून हात गेला असता. म्हणून वापरण्यापूर्वी शस्त्र रिकामे करून नळीतून उजेड आरपार दिसतो का ते मागच्या बाजूने पाहावे. ठासणीच्या बंदुकीत हे शक्य नसते. तिच्या गजावर दोन खुणा कराव्यात, एक नळी रिकामी असतानाची आणि एक भरलेली असतानाची. गज आत सोडला की बंदूक भरलेली आहे का ते लगेच कळते. आजोबांनी भरून ठेवलेली बंदूक नातवाने रिकामी समजून हाताळणे या एका खुणेने टळते.

चाप ओढला आणि बार निघाला नाही, तर नळी सुरक्षित दिशेला तशीच धरून किमान एक मिनिट थांबावे. ओलसर दारू किंवा जुनी गोळी उशिरा पेट घेऊ शकते. ‘काय झाले’ म्हणून नळीत डोकावणे किंवा लगेच उघडणे हे सर्वांत धोक्याचे आहे.

पिस्तूल घेणाऱ्यांसाठी एक विशेष सूचना. मॅगझिन (गोळ्या भरायचा डबा) काढले म्हणजे पिस्तूल रिकामे झाले असे नव्हे. एक गोळी आत नळीच्या मागच्या टोकाशी राहिलेली असू शकते. आधी मॅगझिन काढावे, मग वरची स्लाइड मागे ओढून आतली जागा डोळ्यांनी पाहावी आणि बोटाने चाचपावी. क्रम उलटा केला तर मॅगझिनमधली नवी गोळी आत सरकते. नवशिक्याला रिव्हॉल्वर बरी असे मी म्हणतो ते यासाठीच: उघडली की सहाही घरे एकदम दिसतात. मात्र तिचे फिरते चक्र आणि नळी यांच्यामधल्या फटीतून बार निघताना तप्त वायू बाहेर पडतो, म्हणून दुसऱ्या हाताची बोटे त्या फटीजवळ ठेवू नयेत.

कानांना आणि डोळ्यांना संरक्षण घेतल्याशिवाय सराव करू नये, आणि सराव अधिकृत रेंजवरच करावा. स्वतःच्या बागेत नारळावर नेम धरणे हा सराव नव्हे.

वाशिष्ठीकाठ (चिपळूण)

सर्वांचे आभार. हा धागा यजमानांना वाचून दाखवला. पडताळणी पूर्ण होण्याआधीच पेटी बसवून घ्यायची असे ठरले आहे. चिऱ्याच्या भिंतीत बसवावी की जमिनीत, एवढे सांगावे. आमच्याकडे २०२१ च्या पुरात तळमजला पाण्याखाली गेला होता.

नेमबाज (मालवण)

ताई, मग जमिनीत नकोच आणि तळमजल्यावरही नको. वरच्या मजल्यावर, पावसाचा मारा ज्या भिंतीवर येतो ती सोडून आतल्या भिंतीला, लांब बोल्टांनी पेटी पक्की करावी. चिरा ठिसूळ असेल तर बोल्ट सैल होतात, म्हणून गवंड्याला सांगून त्या जागी काँक्रीट भरून घ्यावे. पेटीची पाठ भिंतीला थेट टेकू न देता मध्ये रबराची पातळ पट्टी घालावी, म्हणजे भिंतीची ओल आत जाणार नाही. गोळ्यांचा डबा वेगळ्या खोलीत ठेवावा आणि ओल शोषणाऱ्या पुड्या जूनच्या सुरुवातीला व गणपतीपूर्वी बदलाव्यात.